मानधनाची ओळ

कुणी अनुदानाचा प्रस्ताव वाचायला दिला, की मी आधी शेवटचा तक्ता काढते. उद्दिष्टं, पार्श्वभूमी, अपेक्षित परिणाम, हे सगळं नंतर. कोणाला किती पैसे मिळणार, किती महिने मिळणार आणि कोणाचं नावच कुठे नाही, एवढं पाहिलं की ते काम प्रत्यक्षात कसं होणार आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मजकुरात ‘लोकसहभाग’ हा शब्द पानोपानी असू दे. तक्त्यात त्या लोकांच्या वाट्याला चहा-बिस्किटांखेरीज काही नसेल, तर सहभाग कुठवर आहे ते कळतं.

मी डिचोलीत राहते आणि उत्तर गोव्यातल्या लहान संस्थांची बजेटं करून देते. लहान म्हणजे अगदीच लहान. गावातलं एखादं वाचनालय, भजनी मंडळ, कुळांचा संघ, निवृत्त शिक्षकांनी चालवलेली बालवाडी, देवराईतल्या झाडांची नोंद ठेवणारी चार-पाच मुलं. यांच्यापैकी कुणाकडे पगारी अकाउंटंट नसतो. वर्षाकाठी एकदा सीएकडे पिशवीभर पावत्या नेऊन द्यायच्या, एवढाच त्यांचा हिशेबाशी संबंध. पैसे मागायचे ते कधी दिल्लीच्या मंत्रालयाकडे, कधी एखाद्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागाकडे, कधी परदेशातल्या फाउंडेशनकडे, आणि घराजवळचं म्हणजे पणजीत कला आणि संस्कृती संचालनालयाकडे. प्रत्येकाचा तक्ता निराळा, प्रत्येकाची खर्चाची शीर्षकं निराळी. एकाला प्रवास वेगळा दाखवलेला हवा असतो, दुसऱ्याला तो उपक्रमाच्या पोटात.

बहुतेक फोन येतात ते मुदत संपायच्या आदल्या दोन दिवसांत. ‘ताई, लिहून सगळं तयार आहे, फक्त आकडे भरायचे राहिलेत.’ मला त्यांचा राग येत नाही, पण वाईट वाटतं. आकडे भरायचे म्हणजे काम डोळ्यांसमोर आणायचं. कोण, कुठून, कशाने येणार. किती वेळ बसणार. परत कसा जाणार. पाऊस आला तर काय. ज्या बाईकडून माहिती घ्यायची ती त्या महिन्यात घरी असते का. हे प्रश्न आधी सुटले की मजकूर आपोआप नीट लिहिला जातो. उलट केलं, की मजकुराने दिलेली वचनं पुरी करायला तक्त्यात पैसेच उरत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पहिलं वाक्य लिहायच्या आधी या. वही-पेन घेऊन या, लॅपटॉप नंतर उघडू.

सत्तरी तालुक्यातल्या एका गावात धालोच्या गीतांची नोंद करायचं काम निघालं होतं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पौष महिन्यात, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, गावातल्या बायका मांडावर जमतात. मांड म्हणजे गावाने त्यासाठी राखलेली, सारवलेली पवित्र जागा. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेत हात गुंफलेले, एक रांग म्हणते आणि दुसरी उचलते. असं रात्री-रात्री चालतं. गीतं कुठे लिहिलेली नसतात. म्हाताऱ्या बायकांना पाठ असतात आणि त्यांच्या शेजारी उभं राहून तरुण मुली शिकतात. आता त्या तरुण मुली पणजीला, वेर्ण्याला, बाहेर नोकरीला जातात. गावातल्याच काही शिकलेल्या मुलामुलींना वाटलं की हे नोंदवून ठेवलं पाहिजे. वाटणं अगदी रास्त होतं.

त्यांनी केलेला पहिला तक्ता माझ्याकडे आला तेव्हा त्यात कॅमेरा होता, दोन माइक होते, भाड्याची गाडी, पुस्तकाची छपाई, प्रकाशन समारंभाचा मंडप आणि पाहुण्यांच्या शाली-श्रीफळाचा खर्चही होता. गाणाऱ्या बायकांसाठी एक ओळसुद्धा नव्हती. मी विचारलं तर मुलं म्हणाली, ‘त्या पैसे घेणारच नाहीत, ताई. उलट त्यांना अपमान वाटेल.’ मी म्हटलं, तसं असेल तर त्यांच्याच तोंडून ऐकू.

गेलो. एका ओसरीवर बसलो. त्यांच्यातल्या सगळ्यात थोर आजींनी मुलांचं म्हणणं खरं ठरवलं. ‘गीतां म्हणपाक दुडू कित्याक?’ त्यांच्या स्वरात राग नव्हता, नवल होतं. मांडावर गाणं हे देवाचं आणि गावाचं. त्याचे पैसे कसे घेणार? मला ते पटलं आणि आजही पटतं. पण मग आम्ही पुढचं काम समजावून सांगू लागलो. मांडावरचं ध्वनिमुद्रण झाल्यावर एकेक गीत पुन्हा ओळीने सांगावं लागेल, म्हणजे मुलगी ते लिहून घेईल. एका वेळी दोन रांगा गातात, मध्येच कुत्रं भुंकतं, एखादा शब्द निसटतो. तो परत विचारावा लागेल. जुन्या शब्दांचे अर्थ सांगावे लागतील. कोणतं गीत पहिल्या रात्रीचं आणि कोणतं शेवटच्या, ते लावून द्यावं लागेल. हे सगळं दुपारी, घरी बसून, फेब्रुवारी ते एप्रिल.

तेव्हा दुसऱ्या एक काकी बोलल्या. त्या महिन्यांत त्या काजूच्या बागायतीत रोजावर जातात. बोंडं गोळा करायची, बिया पिळून काढायच्या. एक दुपार घरी बसलं तर तो रोज बुडतो. त्यांना गाण्याचे पैसे नकोच होते, पण बुडालेल्या दुपारीचं काय, हे विचारायला त्यांना संकोच वाटला नाही. आणि आजींनी लगेच मान डोलावली.

तिथेच आमच्या बजेटचा सांधा जुळला. मांडावरच्या रात्रींसाठी काही नाही, आणि मांडाच्या रीतीप्रमाणे जिथे ध्वनिमुद्रण नको म्हणतील तिथे यंत्र बंद. दुपारच्या बैठकांसाठी मात्र मानधन, आणि तेही काजूच्या रोजाहून कमी नाही. तक्त्यात ओळ उतरली ती अशी: 600 रुपये, 14 जणी, 20 बैठका, एकूण 1,68,000 रुपये. शेजारच्या रकान्यात मी त्याचं कारण लिहिलं. अर्जात त्या रकान्याला ‘समर्थन’ म्हणतात आणि बहुतेक लोक तो रिकामा सोडतात किंवा ‘आवश्यक खर्च’ एवढंच लिहितात. माझ्या मते सगळ्या अर्जात सगळ्यात मोलाची जागा तीच. तिथे मी लिहिलं की या हंगामात या बायकांचं उत्पन्न कशावर असतं, बैठक किती तासांची आहे आणि गीत सांगणं हे या कामात संशोधन साहाय्यकाइतकंच जाणकारीचं काम कसं आहे.

बाकीच्या ओळीही त्या ओसरीवर बसल्यामुळेच सुचल्या. धालो मध्यरात्री संपतो आणि कदंबची, म्हणजे सरकारी, शेवटची बस त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. नोंद करणाऱ्या दोन्ही मुली वाळपईच्या, तेव्हा रात्रीच्या परतीसाठी जीप. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाचं लेखन करायला साधं बोलणं असलं तरी पाच-सहा तास जातात, इथे तर अनेक आवाज आणि जुनी बोली. म्हणून लेखनाचे महिने दुप्पट धरले. पावसाळ्यात आपल्याकडे लेन्सवर बुरशी चढते, तेव्हा यंत्रं ठेवायला हवाबंद पेटी आणि सिलिका जेल. दोन हार्ड डिस्क, एक गावात आणि एक गावाबाहेर. प्रत्येक गाणारणीला पुस्तकाची प्रत आणि सगळ्या गावाला ध्वनिमुद्रण ऐकवायची एक संध्याकाळ. शाली आणि मंडप मुलांनी आपणहून काढून टाकले.

प्रस्ताव गेला आणि काही आठवड्यांनी निधी देणाऱ्यांकडून फोन आला. बोलणारे गृहस्थ सौम्य होते, त्यांचा हेतूही वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की लोककलावंतांना पैसे दिले तर कलेचं बाजारीकरण होईल, आणि रक्कम तर कमी करायचीच आहे, तेव्हा हीच ओळ काढा. मी त्यांना विचारलं, कॅमेरामनला दिलेल्या पैशांनी कॅमेऱ्याचं बाजारीकरण होतं का? मग मांडावरची रात्र आणि लेखनाची दुपार यांतला फरक पुन्हा समजावला. बोलणं लांबलं. शेवटी कॅमेरा विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्यायचं ठरलं, छपाईचा कागद हलका झाला आणि बायकांची ओळ राहिली. पैसे प्रत्येकीच्या बँक खात्यात गेले. तिघींची खाती बंद पडली होती, ती त्या निमित्ताने चालू झाली.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण गोव्याच्या गावांतून जे प्रस्ताव निघतात त्यांत माणसांचा वेळ हीच खरी सामग्री असते. आमच्याकडे प्रयोगशाळा नाहीत, महागडी यंत्रं नाहीत. गीत जाणणारी बाई, बांध ओळखणारा शेतकरी, दप्तर वाचता येणारा एखादा म्हातारा कुळकार, यांच्याकडे जे आहे तेच काम. आणि तक्त्यात सगळ्यात आधी कात्री लागते तीही त्यांच्यावरच. यंत्राला कोटेशन असतं, त्याच्यावर जीएसटीचा आकडा छापलेला असतो, म्हणून ते खरं वाटतं. माणसाच्या दुपारीला कोटेशन नसतं.

(जाता जाता एक सांगून ठेवते. कोटेशनमधला जीएसटी धरूनच किंमत लिहा. आपल्यासारख्या संस्थांना तो परत मिळत नाही. अठरा टक्के म्हणजे लॅपटॉपमागे चांगलीच रक्कम, आणि ती मग कुणाच्या तरी मानधनातून जाते.)

गोव्याला आणखी एक अडचण आहे, ती आमच्या लहान आकाराची. क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या जवळपास. एवढ्याशा राज्यातल्या एका तालुक्यातल्या एका वाड्यावर काम करायचं तर घरं असतात साठ-सत्तर. आणि अर्जात विचारलेलं असतं: दर लाभार्थी खर्च किती? तिथे मोठ्या राज्यातली संस्था शंभर रुपये लिहू शकते आणि आमच्याकडे तोच आकडा हजारांत जातो. समन्वयक एकच लागतो, लेखापरीक्षण एकदाच होतं, प्रशिक्षक तेवढेच. भागायचं मात्र साठांनी. शिवाय दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या क्रमांकांत आहे. 2018 मध्ये केंद्राने ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांची यादी केली तेव्हा तीत गोव्याचा एकही जिल्हा नव्हता, आणि बऱ्याच कंपन्या सीएसआरचा पैसा त्याच यादीकडे वळवतात. त्यांच्या दृष्टीने गोवा म्हणजे किनारा. सत्तरीच्या डोंगरातल्या शाळेला पावसात कसं जायचं, हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात मावत नाही. डिसेंबरात पणजीत सभागृह आणि गाड्यांचे भाव चढतात, हेही बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून शिबिरं मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारीत धरते आणि शक्य तिथे देवळाच्या सभामंडपात.

दर लाभार्थी खर्चाच्या रकान्याशी मी आता भांडत नाही. आकडा आहे तसा लिहिते आणि खाली दोन ओळी देते: ही गीतं एवढ्याच गावात आहेत, त्यामुळे गावाची लोकसंख्या हीच या कामाची मर्यादा. काही जण समजून घेतात. काही नाही.

आता प्रशासकीय खर्च. या विषयावर माझा आवाज थोडा चढतो.

परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना 2010 चा एफसीआरए कायदा लागू होतो. त्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. त्याच दुरुस्तीने मोठ्या संस्थेने परदेशी निधी मिळवून तो लहान संस्थांना वाटायची वाट बंद झाली. परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यायला हवा, असाही नियम आला. संस्था सांखळीची असो वा काणकोणची. गावातल्या भजनी मंडळाला स्वतःची एफसीआरए नोंदणी कुठून असणार? ते आजवर एखाद्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली काम करत. तो मार्ग गेल्यावर आमच्याकडची अनेक लहान कामं परदेशी निधीच्या कक्षेबाहेरच गेली.

सीएसआरची गोष्ट वेगळी. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. नियमांत प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेने प्रकल्प आखायला, चालवायला आणि त्यावर देखरेख ठेवायला केलेला खर्च तीत मोजायचा नाही. तरीही कितीतरी अर्जांत संस्थेकडेच बोट दाखवून लिहिलेलं असतं की पाच टक्क्यांच्या आत बसवा. मी दर वेळी नियम उद्धृत करून उत्तर पाठवते. कधी मान्य होतं, कधी ‘आमचं धोरण आहे’ एवढंच कळवतात. पण लिहिल्याशिवाय सोडायचं नाही, हे मी ठरवलेलं आहे.

बाहेर काय चालतं ते पाहिलं की आपल्याकडच्या लहान संस्थांची कोंडी जास्त उमगते. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन कार्यक्रमात अप्रत्यक्ष खर्चासाठी सरसकट 25 टक्के धरतात, त्याचा वेगळा हिशेब मागत नाहीत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदानांत ज्या संस्थेने आपला स्वतंत्र दर मंजूर करून घेतलेला नाही तिला या खर्चासाठी एक ठरावीक सरसकट दर घेता येतो. तो 10 टक्के होता, ऑक्टोबर 2024 पासून 15 टक्के झाला. म्हणजे कार्यालयाचं भाडं, वीज, हिशेब, लेखापरीक्षण हे कामाचाच भाग आहे, हे तिथे धरून चालतात. आपल्याकडे तो खर्च लाजल्यासारखा लपवावा लागतो. ‘दस्तऐवजीकरण’ या शीर्षकाखाली वीजबिल, ‘समन्वय’ या शीर्षकाखाली हिशेबनीस. मला ही लपवाछपवी मनापासून नको वाटते. हिशेब नीट ठेवणारा माणूस असेल तरच वर्षाअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामाला लागल्याचा दाखला, वेळेवर जातं. केंद्राच्या अनुदानाला ते 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या 12-ए नमुन्यात द्यावं लागतं, आणि अनुदानावर बँकेत व्याज साठलं तर तेही सरकारला परत करावं लागतं. हे सगळं ज्याने करायचं त्याचा पगार मात्र ‘अनुत्पादक’. बालवाडीचे हिशेब रात्री जागून लिहिणाऱ्या बाईंना मी ओळखते. त्यांचं नाव गेल्या वर्षी प्रथमच तक्त्यात आलं: अर्धवेळ, बारा महिने. त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुणाला नीट सांगू शकले नाही.

कायद्याचंही पाहावं लागतं. एफसीआरएच्या नियमांत कोणता पगार प्रशासकीय आणि कोणता नाही हे दिलेलं आहे; शाळेतल्या शिक्षकाचा पगार, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार, संशोधन किंवा प्रशिक्षण हेच मुख्य काम असलेल्या संस्थेत माहिती गोळा करणाऱ्याचा पगार प्रशासकीय धरत नाहीत. हे ठाऊक असलं की वीस टक्क्यांतही माणसं बसवता येतात, तीही खऱ्या नावाने आणि खऱ्या कामाने.

दुसरा प्रश्न वेळेचा. तक्ता कोणत्याही महिन्यात सुरू होतो असं कागदावर दिसतं, पण गोव्यात वर्षाची आखणी पाऊस आणि सण करतात. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावरचं काम नाही. चतुर्थीच्या आठवड्यात कुणी भेटणार नाही, भेटायलाही जाऊ नये. शिगम्यात गावं रात्रंदिवस जागी असतात. आणि सरकारी पैसा येतो तो पुष्कळदा मार्चच्या शेवटी, आर्थिक वर्ष संपता संपता. धर्मादाय संस्थांना आयकरात सवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातली 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च झालेली दाखवावी लागते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला पैसा त्याच वर्षी कसा खर्चणार? त्यासाठी वेगळा फॉर्म भरून मुदत घ्यायची सोय आहे, पण तो वेळेत भरला पाहिजे, आणि ते लक्षात ठेवणारा पुन्हा तोच, तक्त्यात नसलेला हिशेबनीस.

खाजनाच्या कामात हा वेळेचा पेच सगळ्यात तीव्र होतो. खाजन म्हणजे मांडवी, झुआरी, शापोरा या नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यात बांध घालून मिळवलेली शेती. बांधाला मानस असते, म्हणजे पाण्याचा दरवाजा. तिची लाकडी दारं भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. आत पावसाळ्यात खारेपणा सोसणारा कोरगूट भात. बांध दुरुस्त करायचा तो पावसाच्या आधी, आणि घातलेला चिखल बसायला, सुकायला अवधी द्यायला हवा. म्हणजे पैसे जानेवारीत हातात हवेत. मे महिन्यात आले तर ते न आल्यासारखेच, कारण पहिल्या मोठ्या पावसात ओला चिखल वाहून जातो.

त्यातही मजुरीचा हिशेब पंचांगाने करावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, पाण्याचा जोर मोठा. भगदाड बुजवायचं ते भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, अष्टमीच्या मागेपुढे. म्हणजे महिन्यातले थोडेच दिवस, आणि त्या दिवसांतही ओहोटी असेपर्यंतचे तास. शहरातल्या तक्त्यात ‘मजुरी: 30 दिवस’ असं लिहून महिन्याभरात काम संपवता येतं. इथे 30 दिवसांचं काम तीन महिने पसरतं, आणि अनुभवी माणसांना तेवढे महिने थांबवून ठेवायचं तर मधल्या दिवसांचंही काही द्यावं लागतं. निधी देणाऱ्यांना हे पटवायला मी अर्जासोबत त्या महिन्यांच्या भरती-ओहोटीचा तक्ता जोडते, कामाचे दिवस रंगवून. त्यानंतर या खर्चावर प्रश्न येत नाहीत. बांधावरच्या जुन्या जाणत्यांना ते वेळापत्रक तोंडपाठ असतं. मी फक्त ते कागदावर आणते.

सध्या माझ्याकडे कुळांच्या एका संघाचा असाच प्रस्ताव आहे. नदीच्या बेटावरचं खाजन, बांधाचा एक भाग खचलेला, मानशीची दारं कुजलेली. चिरे, चिखल, लाकूड, होड्यांचं भाडं, मजुरी यांचे आकडे लवकर झाले. त्यांना पैसे मिळतील असं वाटतंय. अडलं होतं ते एका ओळीवर. बांधाला खेकडे भोकं पाडतात. छोटं भोक वेळेत दिसलं तर मूठभर चिखलाने बुजतं; न दिसलं तर पाणी ते रुंद करत जातं आणि एका उधाणात बांध फुटतो. म्हणून रोज बांधावरून चालत फेरी मारणारा माणूस लागतो. पूर्वी गावकरीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या, उत्पन्नातून बांधाची ही राखण होत असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली आणि राखणीचा पैसा कुठे कुठे आटला. या संघातले एक वयस्क गृहस्थ आजही फेरी मारतात, स्वतःचं शेत असल्यासारखी, फुकट. प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात त्यांचा उल्लेख ‘समाजाचं योगदान’ म्हणून झाला होता.

मी संघाच्या बैठकीत विचारलं, हे उद्या आजारी पडले तर कोण जाईल? कोणी बोललं नाही. मग हिशेब मांडला. लाखो रुपये घालून बांध बांधायचा आणि तो राखायला शून्य, हे कुठल्याही निधी देणाऱ्याला सांगताना मला शब्द सापडणार नाहीत. पण देखभालीला सहसा पैसे मिळत नाहीत, हेही सगळ्यांना माहीत. चर्चेतून वाट निघाली ती संघाच्याच एका जुन्या उत्पन्नातून. मानशीवरच्या मासळीचा दर वर्षी लिलाव होतो. पहिल्या वर्षी राखणीचं मानधन पूर्ण अनुदानातून, दुसऱ्या वर्षी निम्मं अनुदानातून आणि निम्मं लिलावाच्या पैशांतून, तिसऱ्या वर्षापासून सगळं लिलावातून. तसा ठराव झाला, इतिवृत्तात उतरला, सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि ठरावाची प्रत प्रस्तावाला जोडली.

फेरी मारणाऱ्या काकांना मी महिन्याचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी घासाघीस केली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की चतुर्थीत लेकीकडे जायचं असतं, तेव्हाचं काय? त्या दिवसांत उधाण असलं तर बांध सोडून जाता येत नाही. संघातल्या एका तरुणाने त्या दिवसांची फेरी घ्यायचं कबूल केलं. त्याच्या रोजाची ओळ मी काल रात्री जोडली, समर्थनाच्या रकान्यात कारण लिहिलं आणि एकूण बेरीज पुन्हा केली. प्रस्ताव या आठवड्यात जाईल.